तुझं झालं की माझं

जेम्स फिन्लेसन दार उघडून बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात झाडं छाटायची मोठी कात्री असते. समोर स्टॅन लॉरेल नाताळचं झाड धरून उभा, शेजारी ऑलिव्हर हार्डी. फिन्लेसन त्या झाडाचे तुकडे करतो. एवढ्या वेळात स्टॅनने झाड मागे ओढलेलं नाही, ऑलीने फिन्लेसनचा हात धरलेला नाही. दोघं नुसते बघत उभे आहेत. मग स्टॅन खिशातला चाकू काढतो आणि दाराच्या लाकडाला लागतो. आता बघत उभं राहायची पाळी फिन्लेसनची.

हे दृश्य 'बिग बिझनेस' या लॉरेल-हार्डीच्या १९२९ सालच्या दोन रिळांच्या मूकपटातलं. १९९२ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला, म्हणजे त्याला माझ्या शिफारशीची गरज उरलेली नाही. त्याच्याविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक त्यातल्या मोडतोडीविषयी असतं: दोघं मिळून एक घर कसं उद्ध्वस्त करतात आणि घरमालक त्यांच्या मोटारीचा कसा चुराडा करतो. मोडतोड काय, त्या काळात पुष्कळांनी केली. मोडतोड होताना स्वस्थ उभं राहून ती बघण्याचं जे काम या तिघांनी केलं आहे, ते मात्र दुसरीकडे सापडायचं नाही. टीव्हीवर हा चित्रपट लहानपणापासून बघत आलो, तरी ही गोष्ट ठळकपणे दिसली ती सुपर ८ या घरगुती फिल्मचं रीळ स्वतःच्या हाताने प्रोजेक्टरवर चढवलं तेव्हा.

गोष्ट चार ओळींची आहे. लॉस एंजेलिसच्या लख्ख उन्हात स्टॅन आणि ऑली जुन्या फोर्ड मोटारीत झाडं भरून दारोदार नाताळची झाडं विकतायत. एच. एम. वॉकरने लिहिलेली सुरुवातीची पाटीच सांगून टाकते की ही दुसरा गाल पुढे करणाऱ्या आणि नाकावर ठोसा खाणाऱ्या माणसाची कथा आहे. पहिल्या घरी एक बाई झाड नको म्हणते. तिला नवरा नाही हे कळल्यावर स्टॅन विचारतो, असता तर त्याने घेतलं असतं का? दुसऱ्या घरी ऑलीच्या डोक्यात हातोडी बसते. तिसरं घर फिन्लेसनचं. तिथून पुढे शेवटपर्यंत आपण त्या अंगणातून हलत नाही.

तिथली पहिली काही मिनिटं तर मोडतोडीची नाहीतच. फिन्लेसन 'नको' म्हणून दार लावतो, झाडाची फांदी दारात अडकते. पुन्हा घंटा, पुन्हा दार, फांदी सुटते. निघावं तर आता कोट अडकलेला. पुन्हा घंटा. फिन्लेसनचा एक डोळा बारीक होतो, मिशी वर जाते. खरं तर दोघांना निघून जायचं आहे आणि फिन्लेसनलाही ते जायला हवे आहेत. तिघांची इच्छा एकच, तरी दार पुन्हा पुन्हा उघडतंच आहे. या उघडझापीत हाणामारीचा मागमूस नाही, पण चित्रपटाची लय इथेच ठरते: घंटा, वाट, दार, बघणं. पुढे घंटेच्या जागी कात्री येते, चाकू येतो, कुऱ्हाड येते. लय तीच राहते. आणि ठिणगी कशाची, तर स्टॅनच्या डोक्यातल्या अस्सल व्यापारी कल्पनेची. या वर्षी झाड नको ना, मग पुढच्या वर्षाची ऑर्डर द्या! कात्री बाहेर येते ती यावर.

दिग्दर्शक म्हणून नाव जेम्स डब्ल्यू. हॉर्नचं आहे, देखरेख लिओ मॅकॅरीची, कॅमेरा जॉर्ज स्टीव्हन्सचा. हाच स्टीव्हन्स पुढे 'शेन'चा दिग्दर्शक झाला. मॅकॅरीने या जशास तशाच्या खेळाचं बीज बरंच आधी हेरलं होतं. १९२७च्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी'त पायफेक, म्हणजे 'पाय' या पेस्ट्रीची फेकाफेक होती, १९२८च्या 'टू टार्स'मध्ये रस्त्यावर अडकलेल्या मोटारींची रांगच्या रांग एकमेकींचे अवयव उपटत होती. पुढे १९३३ साली मार्क्स बंधूंच्या 'डक सूप'मध्ये लिंबूपाणीवाल्याशी जी टोप्यांची मारामारी होते, तीही मॅकॅरीचीच. पण आधीच्या त्या दोन्हींत गर्दी आहे. 'बिग बिझनेस'मध्ये त्याने माणसं तीनवर आणली आणि जागा एका अंगणापुरती केली. माझ्या मते हा त्या खेळाचा सर्वांत स्वच्छ डाव आहे.

आपल्याकडची बांधावरची भाऊबंदकी आठवून बघा. तिथेही अरेला कारे असतंच, पण तिथला गडी रात्री जाऊन बांधाचा दगड सरकवतो आणि सकाळी काखा वर करतो. इथे सगळा मामला उजेडात आणि क्रमाने. फिन्लेसनच्या डोक्यावरचे मोजके केस कापले जातात, तेव्हा फिन्लेसन मान हलवत नाही. दाराची घंटा उपटली जाते, तेव्हा ती पूर्ण उपटून होईपर्यंत थांबतो. तो पोलिसांना फोन करायला जातो, तर टेलिफोनच निकामी होतो. त्याने ऑलीचा टाय कापला की ऑली कॅमेऱ्याकडे बघतो, म्हणजे आपल्याकडे, आणि त्या नजरेत तक्रारीपेक्षा हिशोब जास्त असतो: आता काय घेऊ? फिन्लेसन मोटारीचा दिवा उपटतो आणि मोटारीवरच भिरकावतो, तेव्हासुद्धा मोटार वाचवायला कोणी धावत नाही. दोघं वळतात ते घराकडे. दुसऱ्याची वस्तू मोडण्याऐवजी आपली वस्तू वाचवता येते, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात येत नाही. हसू येतं ते या सभ्यपणाचं. समोरचा बोलत असताना मध्ये बोलू नये, एवढा शिष्टाचार तिघांनी अगदी मनापासून पाळला आहे.

थांबण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकाची वेगळी. ऑली थांबतो तो अपमान पचवत, छाती फुगवून, बोटं जुळवत. स्टॅन थांबतो तेव्हा त्याचं लक्ष आहे की नाही अशी शंका यावी. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नसतं, मग हळूहळू कल्पना उगवते. फिन्लेसनच्या अंगात मात्र थांबणं नाहीच. तो उभ्या उभ्या उकळत असतो, त्याची मान आत-बाहेर होते आणि पाळी आली की सुटतो. शेवटी तर मोडायला काही उरत नाही म्हणून तो अंगणात उरलेल्या झाडांशी कुस्ती खेळतो. मला तिघांत फिन्लेसन सर्वांत आवडतो. जोडी मोठी झाली, नावं त्यांची झाली, पण समोर असा बघणारा नसता तर दोघांना थांबायला कारणच नव्हतं.

आता प्रोजेक्टरकडे येतो. चित्रपटगृहातली फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असायची आणि त्या काळी ती नायट्रेटची, म्हणजे भडकन पेटणारी. घरात ती चालवणं धोक्याचं होतं. पॅरिसच्या पाथेने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची फिल्म आणली, कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची, १९३२ साली ८ मिलिमीटरची आणि १९६५ साली सुपर ८. या सगळ्या सहजी न पेटणाऱ्या ॲसिटेटवरच्या. सुपर ८ची चौकट जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर उंच. तेवढ्या जागेत स्टॅन, ऑली, फिन्लेसन, एक घर आणि एक मोटार. माझ्या प्रोजेक्टरमध्ये १२ व्होल्ट, १०० वॅटचा हॅलोजन दिवा आहे. मीटरभर रुंदीचं चित्र बरं दिसतं, त्याहून मोठं करायला गेलं की फिकट होतं. मोठ्या पडद्याचा हव्यास सोडायचा, इतकंच.

चित्र छोटं असल्याचा या चित्रपटाला तोटा नाही. स्टीव्हन्सने बहुतेक वेळा कॅमेरा इतका मागे ठेवला आहे की मोडणारा आणि बघणारा दोघं एकाच चौकटीत असावेत. मोडणाऱ्याचं काम जवळून दाखवून, मग बघणाऱ्याचा चेहरा वेगळा जोडला असता तर निम्मा विनोद गेला असता. एकाच वेळी दोन्ही दिसतं, म्हणून नजर हातावरून चेहऱ्यावर आपोआप जाते. मीटरभर पडद्यापुढे बसलं की ही येरझार डोळ्यांना जाणवते. मोठ्या थिएटरात ती विखुरते असं मला वाटतं. हे मत कुणी खोडून काढलं तर माझी हरकत नाही.

खरा मुद्दा वेगाचा आहे. सुपर ८च्या एका फुटात ७२ चौकटी मावतात. दोन रिळांचा हा चित्रपट चारशे फुटांच्या एका रिळावर बसतो. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चारशे फूट २० मिनिटांत संपतात. घरगुती मूक फिल्मसाठी जो १८चा वेग ठरलेला, त्याने चालवलं तर तेच रीळ २६ मिनिटं ४० सेकंद चालतं. सहा मिनिटं ४० सेकंदांचा हा फरक जातो कुठे? तो सगळीकडे सारखा पसरतो, पण जाणवतो ठिकठिकाणी वेगळा. १८वर थांबे फार सुरेख होतात. ऑलीची नजर आपल्यावर टिकते, स्टॅनच्या चेहऱ्यावरची कल्पना उगवताना दिसते. पण काच फुटते ती आळसाने, फुलदाणी पडते ती विचार करत. २४वर फुटणं खणखणीत, मात्र ऑली घाईत वाटतो. ज्या प्रोजेक्टरला वेग कमी-जास्त करायचं बटण आहे, त्यावर मी २०च्या आसपास येऊन थांबतो. तिथे फिन्लेसनचा डोळा बारीक व्हायला हवा तितकाच वेळ लागतो.

दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर हा निर्णय कुणीतरी आधीच घेतलेला असतो. इथे तो बटण धरून बसलेल्या माणसाचा. त्या माणसाला थांबण्याचा कंटाळा असेल तर चित्रपट वाया गेला. रीळ लावतानाच त्याला थांबण्याची सवय होते. फिल्मचं टोक नीट कापा, गेटमधून सरकवा, वर-खाली लूप आहे का बघा, दिवा लावण्याआधी पंखा फिरतोय याची खात्री करा. मग प्रोजेक्टरमधला एक बारीक दात फिल्मच्या छिद्रात अडकतो, तिला एका चौकटीइतकं खाली ओढतो आणि सोडतो. पुढची ओढ येईपर्यंत ती चौकट दिव्यासमोर स्थिर असते.

बहुतेक घरगुती प्रोजेक्टरना उलट चालवायचीही सोय असते. शेजारची मुलं आली की मूळ खेळ संपण्याआधीच मागणी सुरू होते: आता उलटं! उलट चालवताना अंगणात तुकडे होऊन पडलेला पियानो जुळतो आणि घरात जातो. मोटारीला दारं येतात, दिवे येतात. स्टॅन फुलदाण्या फेकतो आणि ऑली त्या फावड्याने टोलवतो, तो भाग उलट बघताना फुटके तुकडे फावड्याला शिवून अख्खी फुलदाणी होतात आणि स्टॅनच्या हातात परत येतात. मुलं यावर सर्वांत जास्त हसतात. मी हसत नाही. उलट चालवल्यावरही तिघं तितकेच थांबलेले असतात, पण ते थांबणं आता कशासाठीच नसतं. समोरच्याने काही केलं, म्हणून मी ते पाहिलं, म्हणून आता मी काही करणार, ही साखळीच तुटते. चेहरे आधी चिडतात आणि मग कारण घडतं. नुसत्या चमत्काराला मुलं हसतात, त्यात वावगं काही नाही. पण सुलट खेळात त्यातलाच एक मुलगा पडद्याकडे बोट दाखवून भावाला म्हणाला, "थांब रे, त्याचं होऊ दे, मग ह्यांचं." त्याला चित्रपट पुरता कळला होता.

बघणाऱ्यांची रांग या तिघांवरच थांबत नाही. रस्त्यापलीकडे एक पोलीस येतो, टायनी सँडफर्ड. भला थोरला गडी. तो येऊन थांबवेल असं आपल्याला वाटतं. तो वही काढतो. मोडलेल्या एकेका वस्तूची नोंद करतो आणि पुढची वस्तू मोडायची वाट बघतो. शेजारीपाजारी जमतात, तेही बघतात. कायदा, समाज आणि आपण, सगळे एकाच कामाला लागलेले. शेवटी पोलीस मध्ये पडतो आणि विचारतो, सुरुवात कुणी केली? या प्रश्नाला उत्तर नाही. फांदी दारात अडकली तिथून सुरुवात झाली म्हणावं, तर ती कुणी अडकवली? मग स्टॅन रडायला लागतो, ऑली रडतो, फिन्लेसन रडतो, गर्दी रडते आणि पोलिसाचेही डोळे भरतात. इतका वेळ मोडण्याची पाळी एकेकाची होती, रडताना मात्र कुणी थांबत नाही. समेट होतो. स्टॅन फिन्लेसनला सिगार देतो. दोघं मागे गालातल्या गालात हसतायत हे पोलिसाच्या लक्षात येतं, तो त्यांच्यामागे धावतो आणि इकडे सिगार फुटतो. म्हणजे शेवटची खेळी स्टॅनची. सिगार फुटायला वेळ लागतो, हेही ओघानेच आलं.

चित्रीकरण चेव्हियट हिल्समधल्या एका खऱ्याखुऱ्या घरासमोर झालं. निर्माता हॅल रोच म्हातारपणी रंगवून सांगायचा की युनिटने चुकून भलतंच घर मोडलं आणि खरे मालक सुट्टीहून परतले ते हे बघायला. किस्सा झकास आहे, पण तो किस्सा म्हणूनच घ्यावा. रोचला गोष्ट सांगायचा सोस होता.

हे रीळ घराघरांत पोचवण्याचं श्रेय आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावच्या ब्लॅकहॉक फिल्म्सला द्यायला हवं. केंट ईस्टिनने उभी केलेली ही कंपनी टपालाने चित्रपट विकायची. हॅल रोचकडून हक्क घेऊन तिने लॉरेल-हार्डीचे चित्रपट ८ आणि १६ मिलिमीटरवर काढले. वर्तमानपत्री कागदावर छापलेली तिची सूचीपत्रकं यायची. पुष्कळ रिळांच्या सुरुवातीला चित्रपट कधीचा, कुणाचा, त्याचं महत्त्व काय हे सांगणारा मजकूर असायचा. मोठमोठे स्टुडिओ जुन्या मूकपटांना अडगळ समजत होते, तेव्हा ही कंपनी गिऱ्हाइकाला दोन रिळांच्या विनोदपटाचा इतिहास सांगत होती. याउलट कॅसल फिल्म्सचा धंदा तुकड्यांचा. ॲबट आणि कॉस्टेलोचा अख्खा चित्रपट कापून आठ-दहा मिनिटांचा करायचा आणि पन्नास फुटी 'हेडलाइन' आवृत्तीत तर जेमतेम तीन-चार मिनिटांचा. पैसेही त्यांनी बक्कळ कमावले. व्हिडिओ कॅसेट आली आणि १९८०च्या दशकात हा सगळा बाजार आटला.

छोट्या फिल्मवर चित्रपट बघणारी माणसं हौशी म्हणून हेटाळली गेली, पण चित्रपट वाचवले त्यांनीच. 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी'तली पायफेक कित्येक वर्षं फक्त तुकड्यांत पाहायला मिळायची. रॉबर्ट यंगसनने १९५७च्या 'द गोल्डन एज ऑफ कॉमेडी'साठी काढून ठेवला तेवढाच भाग लोकांना ठाऊक होता. २०१५ साली ते दुसरं रीळ संपूर्ण सापडलं ते एका संग्राहकाच्या १६ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये. पूर्ण रीळ पाहिल्यावर कळलं की तिथेही पाय फेकला जाण्याआधी बरीच तयारी आहे, भांडण चढत चढत जातं. तुकड्यात फक्त फेकाफेक उरली होती.

ॲसिटेट फिल्म अमर नाही. उष्णता आणि दमट हवा लागली की ती आक्रसते, वाकते आणि तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. मुंबई-कोकणच्या हवेत तर हा रोग लवकर धरतो. असा वास येणारं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि प्रोजेक्टरवर चढवण्याचा मोह टाळा. आक्रसलेल्या फिल्मची छिद्रं दातात बसत नाहीत आणि ती टराटरा फाटते.

जुन्या विनोदपटांचं रीळ विकत घ्यायचा विचार असेल तर एक सांगतो. दोनशे फुटी किंवा पन्नास फुटी तुकडा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. चित्रपट कापायला बसलेल्या माणसाला फुटणारी काच मोलाची वाटते आणि ती फुटताना बघत उभा असलेला माणूस फालतू वाटतो. म्हणून कात्री आधी त्या माणसावर चालते. 'बिग बिझनेस'मधून ती माणसं काढली तर उरतं ते एक मोडकं घर आणि एक मोडकी मोटार. चारशे फुटांचं अख्खं रीळ शोधा, महाग पडलं तरी तेच घ्या, आणि वेग २०च्या आसपास ठेवा.